काचेवरचा चुना

शहाबादी फरशी ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. न्हाणीघराची जमीन, स्वयंपाकघराचा ओटा, शाळेचा व्हरांडा, देवळाचे अंगण, सर्वत्र ही निळसर करड्या रंगाची लादी आढळते. तिला हे नाव मिळाले ते कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद या गावावरून. भीमा आणि तिला मिळणारी कागिणा या नद्यांच्या खोऱ्यात शहाबाद, वाडी, चित्तापूर, सेडम हा सारा टापू चुनखडीच्या दगडावर वसलेला आहे. कागिणेच्या काठचे मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. नवव्या शतकात अमोघवर्ष नृपतुंगाने जेथून राज्य केले, त्याच भूमीतील दगड आज फोडला जातो, भाजला जातो, दळला जातो आणि सिमेंट होऊन देशभर जातो.

पायाखाली शोभणारा हा दगड डोळ्यांसमोर आला म्हणजे मात्र तो उपद्रवी ठरतो. या भागातील कोणत्याही जुन्या मोटारीची समोरची काच उन्हात तिरकी न्याहाळून पाहावी. वायपर फिरतो तेवढा अर्धवर्तुळाकार भाग सोडला, तर काचेच्या कडांवर पांढुरके ठिपके, कडी आणि ओघळ दिसतात. काच धुऊन ओली असताना ते नाहीसे झाल्यासारखे वाटतात आणि काच वाळली की पुन्हा हजर होतात. फडक्याने निघत नाहीत, साबणाने निघत नाहीत, नखाने खरवडले तरी हटत नाहीत. गाडीचा मालक हैराण होतो. कोणी म्हणतो राख लावा, कोणी म्हणतो भांडी घासण्याची तारेची घासणी घ्या, कोणी संडास धुण्याचे आम्ल सुचवितो. यांपैकी एकही उपाय निर्धोक नाही. डाग राहतो तो राहतोच, आणि काच मात्र कायमची बिघडते.

तेव्हा प्रथम हा डाग आहे तरी काय, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पावसाचे पाणी आकाशातून खाली येताना हवेतील थोडा कार्बन डायऑक्साइड वायू आपल्यात विरघळवून घेते. मातीतून झिरपताना त्याला आणखी वायू मिळतो आणि ते किंचित आंबट होते. असे पाणी चुनखडीच्या थरांतून वर्षानुवर्षे मुरत जाते, तेव्हा दगडातील थोडा थोडा चुना ते बरोबर घेऊन जाते. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे हे पाणी दिसावयास नितळ असते, परंतु त्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. त्यालाच जड पाणी म्हणतात. या पाण्याचा थेंब तापलेल्या काचेवर वाळला की पाणी वाफ होऊन जाते, वायू निसटतो आणि विरघळलेला चुना पुन्हा दगड होऊन मागे उरतो. नळाच्या तोंडाशी, पाणी तापविण्याच्या बंबात आणि उन्हाळ्यात कूलरच्या वाळ्यावर जे पांढरे कवच चढते, तेच हे. कलबुर्गीच्या वैशाखात उन्हात उभ्या असलेल्या मोटारीची काच हात ठेववणार नाही इतकी तापते. तिच्यावर सकाळी एक तांब्या विहिरीचे पाणी मारले आणि ते तसेच वाळू दिले, म्हणजे चुन्याचा एक पातळ थर चढला. असे रोज घडत राहिले, तर वर्षाअखेरीस काचेवर शहाबादी लादीचीच एक विरळ पापुद्री तयार होते, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु काचेवरील मळ एकाच जातीचा नसतो. खाणीजवळच्या रस्त्यावर उडणारी दगडाची धूळ निराळी आणि सिमेंटची धूळ निराळी. दगडाची धूळ पाण्याने सहज वाहून जाते. सिमेंटची धूळ पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, कारण तोच तिचा धर्म आहे. मार्गशीर्ष-पौषातील पहाटे दव पडते, काचेवरची सिमेंटची भुकटी भिजते आणि ऊन चढेपर्यंत ती तेथे धरून बसते. शिवाय भिजलेले सिमेंट विरलेल्या चुन्यासारखे दाहक असते आणि ते दीर्घकाळ राहिले तर काचेच्या तकतकीत पृष्ठभागालाही हळूहळू खाते. सिमेंट वाहणाऱ्या मालमोटारींच्या मागून जाणाऱ्या मोटारींना हा त्रास विशेष होतो.

उत्तरेस बिदर जिल्ह्यात गेले की मळाचा रंग बदलतो. बिदर शहर जांभ्या दगडाच्या पठारावर आहे आणि तेथील माती लोहयुक्त, तांबडी आहे. भालकी, औराद, हुमनाबादच्या बाजूस काळी जमीनही विपुल आहे. पावसाळ्यात या मातीचा चिखल चाकांखालून उडून काचेवर बसतो. ऊस गाळपाच्या हंगामात कारखान्यांच्या परिसरात चिपाडाची काळी राख उडते. आंब्याखाली मोटार उभी केली तर मोहोरावरील तुडतुड्यांचा चिकटा गळतो. पावसाळ्यातील संध्याकाळी हुमनाबादहून उमरग्याच्या दिशेने निघालेल्या मोटारीच्या काचेवर शेकडो किडे आपटून मरतात. डिझेलचा धूर आणि रस्त्यावरील तेल यांचा एक अदृश्य चिकट थर वर्षभर साचतच असतो. आतल्या बाजूसही असा थर जमतो. मोटारीतील प्लास्टिकचे भाग उन्हाने तापले की त्यांतून सूक्ष्म वाफा निघतात आणि त्या काचेवर आतून धुरकट साय धरतात. अनेक मालक काच बाहेरून घासून दमतात आणि धुरकटपणा आतल्या बाजूस असतो.

म्हणजे हट्टी मळाच्या मुख्यतः तीन जाती झाल्या: चुन्याचा मळ, तेलकट अथवा चिकट मळ आणि किड्यांचा किंवा पक्ष्यांच्या विष्ठेचा मळ. प्रत्येकाचा उतारा निराळा आहे. येथे बिदरच्याच एका प्रसिद्ध कलेचे उदाहरण घेता येईल. बिदरी भांडी जस्त व तांबे यांच्या मिश्रधातूची असतात आणि त्यांवर चांदीची नक्षी जडविलेली असते. काम पुरे झाल्यावर कारागीर किल्ल्यातील विशिष्ट माती आणि नवसागर यांचे मिश्रण तापवून भांड्यास लावतो. त्याने भांडे काळेभोर होते आणि चांदी मात्र पांढरी शुभ्र राहते. एकच लेप, परंतु तो एका धातूवर काम करतो आणि दुसऱ्यास स्पर्शही करीत नाही. काच स्वच्छ करण्याचे मर्म यातच आहे. मळावर चालेल आणि काचेवर चालणार नाही, असा पदार्थ निवडावयाचा. त्यात मनगटाच्या जोराचे काम फार थोडे असते.

चुन्याच्या डागावर असा पदार्थ म्हणजे सौम्य आम्ल. घरोघरी मिळणारे व्हिनेगर, म्हणजेच शिरका, यासाठी उत्तम. रंग नसलेले पांढरे व्हिनेगर घ्यावे आणि त्यात तेवढेच पाणी मिसळावे. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा गाळलेला रस किंवा किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून चालते. पितळेची भांडी चिंचेने लखलखतात म्हणून कोणी काचेवर चिंच चोळतात. परंतु तिचा चिकट गर काचेवर आणि रबरावर राहून नवीच अडचण होते.

कामाचा क्रम असा असावा. मोटार सावलीत उभी करावी आणि काच थंड होऊ द्यावी. तापलेल्या काचेवर थंडगार पाणी ओतू नये. काचेला आधीच बारीक टवका उडालेला असेल, तर अशा वेळी तेथून तडा जाण्याचा संभव असतो. नंतर भरपूर पाण्याने काच धुवावी. येथे ‘भरपूर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सिमेंटच्या धुळीवर चार थेंब शिंपडणे म्हणजे गिलाव्याचा माल कालविणे होय. ती एकदम मुबलक पाण्याने वाहून गेली पाहिजे. मग साबणाच्या पाण्याने, स्वच्छ व मऊ फडक्याने तेलकट मळ काढावा, कारण तेलाचा थर राहिला तर आम्ल खालच्या चुन्यापर्यंत पोचतच नाही. साबण धुऊन टाकल्यावर व्हिनेगरमध्ये भिजविलेले फडके डागांवर अंथरावे आणि सुमारे दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. काच उभी असल्याने नुसते शिंपडलेले व्हिनेगर खाली ओघळते आणि त्याला काम करण्यास वेळच मिळत नाही. म्हणून फडके अंथरण्याची ही युक्ती. चुना व आम्ल यांचा संयोग होऊन वायूचे बारीक बुडबुडे सुटतात आणि चुना पाण्यात उतरतो. नंतर हलक्या हाताने पुसून पुन्हा भरपूर पाण्याने धुवावे. डाग जुना असेल तर हाच प्रकार दोन-तीन वेळा करावा. घाई करून घासण्यापेक्षा पुन्हा भिजविणे केव्हाही श्रेयस्कर.

यात एक सावधगिरी आहे आणि ती या प्रदेशातील घरांना विशेष लागू पडते. व्हिनेगरला काचेवरचा चुना आणि अंगणातील शहाबादी फरशी यांतील भेद कळत नाही. दोन्ही मुळात एकच द्रव्य. फरशीवर आम्ल ठिबकले तर तेथील झिलई उडून पांढुरका डाग पडतो आणि तो पुन्हा भरून येत नाही. तेव्हा काच स्वच्छ करताना मोटार मातीच्या जागेवर उभी करावी, किंवा खाली भरपूर पाणी वाहते ठेवावे. रंगविलेल्या पत्र्यावरून आणि रबराच्या पट्ट्यांवरूनही व्हिनेगर लगेच धुऊन काढावे.

तेलकट व चिकट मळाचे शास्त्र वेगळे. तेथे आम्ल निरुपयोगी. काचेवर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. काच स्वच्छ असेल तर पाणी सारखे पसरते. तेलकट असेल तर थेंब थेंब होऊन सुटे राहते. अशा मळास साबणाचे कोमट पाणी, आणि त्याने न भागल्यास थोडे स्पिरिट पुरते. आतल्या बाजूची धुरकट सायही याच रीतीने निघते. मात्र स्पिरिट ज्वालाग्राही असल्यामुळे दारे उघडी ठेवावी आणि जवळपास विडीकाडी नसावी. जुन्या चिकटपट्ट्यांचा डिंक हा याच जातीचा. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरील पथकर नाक्यांवर फास्टॅग सक्तीचा झाला आणि प्रत्येक मोटारीच्या काचेवर आतून एक पट्टी आली. ती बदलताना मागे डिंक राहतो. त्यावर खोबरेल तेल लावून काही वेळ मुरू द्यावे. मग तो फडक्याने गोळा होऊन येतो. उरलेले तेल साबणाने काढण्यास मात्र विसरू नये.

किडे आणि विष्ठा यांच्या बाबतीत वेळ हेच मुख्य औषध. त्याच दिवशी ओल्या, साबण लावलेल्या फडक्याने काच झाकून दहा-पंधरा मिनिटे ठेवली, तर सर्व काही मऊ होऊन निघते. दोन दिवस ऊन खाल्ल्यावर तेच सरसासारखे घट्ट होते. कोरड्या काचेवर वायपर चालवून किडे पुसण्याचा प्रयत्न केला, तर ते नाहीसे होत नाहीत, केवळ डोळ्यांसमोर पसरतात.

श्रोतेहो, आता जे करू नये त्याचा विचार. पदार्थांच्या काठिण्याची एक प्रसिद्ध मोजपट्टी आहे. तिच्यावर चुनखडीचे स्फटिक ३ या पायरीवर, साधी काच सुमारे ५.५ वर आणि गारगोटी ७ वर येते. याचा अर्थ असा की, निव्वळ चुना काचेवर ओरखडा काढू शकत नाही, पण गारगोटीचा कण काढू शकतो. रस्त्यावरच्या धुळीत, वाळूत, राखेत असे कण मिसळलेले असतातच. कोरड्या फडक्याने काच पुसणारा मनुष्य वस्तुतः काचेवर वाळूचा कागद फिरवीत असतो. राखेने घासणे, तारेची घासणी वापरणे आणि जमिनीवर पडलेले फडके झटकून पुन्हा वापरणे ही एकाच चुकीची तीन रूपे होत. काही कारागीर नव्या पात्याने काच खरवडतात. काच पूर्ण ओली, धुळीचा कणही नसलेली आणि पाते आडवे धरलेले असेल, तर सिमेंटचा एखादा सुटा थेंब असा निघू शकतो. परंतु सरावाचा हात नसल्यास त्या वाटेला जाऊ नये.

संडास धुण्याची तीव्र आम्लेही वर्ज्य मानावी. ती चुना झटकन काढतात हे खरे, परंतु पत्रा, रबर, हाताची कातडी आणि श्वास यांपैकी कशाचीही गय करीत नाहीत. ती चुकूनही कपडे पांढरे करण्याच्या ब्लीचमध्ये मिसळली, तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. काही औद्योगिक द्रावणांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते. ते प्रत्यक्ष काचेलाच विरघळविते आणि मनुष्याच्या शरीरास अत्यंत घातक असते. ज्या बाटलीवरचा मजकूर वाचता येत नाही, ती बाटली काचेपाशी नेऊ नये, हा साधा नियम पाळावा.

सर्व उपाय करूनही धूसरपणा राहिला तर काय? अशा वेळी बहुधा डाग काचेवर नसून काचेत असतो. चुन्याने अथवा सिमेंटने पृष्ठभाग खाल्लेला असतो. काच घासून उजळ करण्यासाठी सीरियम ऑक्साइड नावाची बारीक पूड वापरतात. जाणत्या कारागिराकडून तिने उथळ खुणा घालविता येतात. नखाला लागेल असा खोल ओरखडा असेल, तर काच बदलणे हाच मार्ग. तो खर्चाचा आहे, म्हणूनच ओरखडा पडू न देण्यात शहाणपण आहे.

हा सारा खटाटोप केवळ मोटार नीटनेटकी दिसावी म्हणून सांगावयाचा नाही. मोटारीची समोरची काच ही दोन काचांमध्ये पारदर्शक पापुद्रा बसवून केलेली असते. या युक्तीचे मूळ फ्रेंच रसायनज्ञ एदुआर बेनेदिक्तुस याच्या १९०३ मधील एका निरीक्षणात आहे. त्याच्या हातून पडलेले काचेचे पात्र तडकले, पण आतील वाळलेल्या द्रव्याच्या पापुद्र्यामुळे त्याचे तुकडे विखुरले नाहीत. त्याच वर्षी अमेरिकेत मेरी अँडरसन या स्त्रीने काच पुसणाऱ्या हातयंत्राचे एकस्व मिळविले. पावसागारठ्यात ट्रॅम चालविणाऱ्या माणसाला समोरचे दिसत नाही, हे तिने न्यूयॉर्कमध्ये पाहिले होते. माणसाचे मस्तक वाचविणारी काच आणि माणसाची दृष्टी वाचविणारा वायपर यांची मुळे अशी एकाच वर्षात सापडतात. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी समोरच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असे ठरविले आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काचांवर काळी फिल्म चिकटविण्यास मनाई केली, तीही याच नियमाच्या आधारे. काळी फिल्म कायद्याला दिसते. वर्षानुवर्षे साचलेला चुना सहसा कोणी पाहत नाही.

तो दिसतो रात्री. दिवसा किरकोळ वाटणारा पांढुरका थर समोरून दिवे आले की पेटून उठतो. प्रत्येक ठिपका, प्रत्येक ओरखडा तो प्रकाश भलत्याच दिशांना फेकतो आणि सारी काच दुधाळ होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. दोन सेकंद डोळे दिपले, तर ३३ मीटर रस्ता न पाहता कापला गेला. ऊसतोडीच्या दिवसांत भालकी-हुमनाबादच्या रस्त्यांवर अंधारात उसाने लादलेले ट्रॅक्टर संथपणे चाललेले असतात. मागचा दिवा नसलेली बैलगाडी असते, कडेने चाललेला शेतकरी असतो. दत्तदर्शनासाठी सोलापूर, अक्कलकोटकडून गाणगापूरला येणाऱ्या अनेक मोटारी पहाटेच्या अंधारातच निघतात. परतीच्या वाटेवर सूर्य मावळतीला असतो आणि तो थेट समोरून काचेवर येतो. त्या घटकेला चालकाच्या आणि रस्त्यावरच्या माणसाच्या मध्ये जे काही असते, ते हीच काच.

डाग काढण्यापेक्षा न पडू देणे सोपे आहे. मोटार कोणत्याही पाण्याने धुवावी, परंतु काचेवरील पाणी वाळू देऊ नये. स्वच्छ फडक्याने ते लगेच टिपावे. या एका सवयीने निम्मे काम होते. शेवटचा हात साठविलेल्या पावसाच्या पाण्याचा किंवा दुकानात मिळणाऱ्या बॅटरीच्या पाण्याचा द्यावा. घरात वातानुकूलन यंत्र असेल, तर त्याच्या नळीतून ठिबकणारे पाणीही हवेतील बाष्पाचे झालेले असल्याने जवळजवळ चुनारहित असते. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी मात्र सर्वांत जड, कारण त्यातले पाणी उडून जाते आणि चुना मागे साचत राहतो. वायपरच्या फवाऱ्याच्या टाकीतही विहिरीचे पाणी भरू नये. त्याने बारीक छिद्रे चुन्याने बुजतात. दुसरे काही नसेल तर पाणी खळखळून उकळावे, थंड होऊन निवळू द्यावे आणि वरचे पाणी गाळून घ्यावे. उकळल्याने बराचसा चुना तळाशी बसतो. वायपरचे रबर दर पावसाळ्यापूर्वी तपासावे आणि कडक झाले असल्यास बदलावे. नव्या काचेच्या किमतीच्या मानाने हा खर्च अगदी थोडा आहे.

चुना हे या भूमीचे धन आहे. त्याने येथील घरे बांधली आणि हजारोंना रोजगार दिला. त्याची जागा भिंतीत आणि जमिनीवर आहे. काचेवर तो बसू लागला, तर त्याला तेथून काढण्यास थोडे व्हिनेगर, एक स्वच्छ फडके आणि आठवड्यातला अर्धा तास एवढेच पुरते. रात्रीच्या रस्त्यावरून दिव्याविना जाणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाच्या जिवासाठी एवढा वेळ फार नाही.